आवाजात फट नको

फिटर: नाही आजी, खिडकीपाशी नाही जमायचं. तिथं बसवलं तर बाई मला परत दारात उभं करायच्या नाहीत. जागा ठरलीय. हीच भिंत, हाच कोपरा.

आई: ठरवली कोणी? कारंजं माझ्यासाठी घेतलंय आणि जागा ठरवताना मीच नव्हते?

फिटर: ते घरातलं तुमचं तुम्ही बघा. आपण हुकमाचे ताबेदार. जरा ती वायर उचलून द्या... नको नको, तुम्ही वाकू नका.

आई: वाकता येतं मला. चौऱ्याहत्तरावं लागलंय, शंभरावं नाही. ही घ्या. अहो, मी दिवसभर बसते त्या खिडकीशी, माझी खुर्ची तिथं. सूनबाई म्हणाली, आई, तुम्हाला दुपारी झोप लागत नाही, पाण्याचा आवाज असला की लागेल. मग कारंजं माझ्या खुर्चीजवळ नको का? इथं, दिवाणखान्याच्या या टोकाला, माझ्या खोलीच्या दाराला चिकटून कशाला? येता-जाता माझाच पाय लागायचा त्याला.

फिटर: पाय लागला तरी हलायचं नाही. पाणसळ लावून बसवतोय. हे बघा, बुडबुडा बरोबर मध्ये. एक दोरा जरी कललं ना, तर पाणी सगळं एका अंगाला धावतं आणि पत्र्याचं अर्धं अंग कोरडं राहतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, कारंजं बिघडलं. कारंजं कुठलं बिघडतंय, बसवणारा बिघडलेला असतो.

आई: बोलता छान तुम्ही.

फिटर: दिवसभर पाण्याशी काम. पाणी काही उलट बोलत नाही, म्हणून माणूस दिसलं की तोंड सुटतं. बायको म्हणते, तुमच्या तोंडाला पण एक कळ बसवून घ्या.

आई: मला खरं तर दुकानातला तो दुसरा आवडला होता. दगडी वाडगा, आणि वरून थेंब. टप. मग जरा थांबून पुन्हा टप. आजवर या घरात काही घ्यायचं झालं तर मला दाखवून घेतलंय, मला विचारून नाही. ही पहिलीच वेळ. सुनेनं हाताला धरून नेलं, एकेका कारंजासमोर उभं केलं, आई, याचा आवाज कसा वाटतो, आई, त्याचा कसा. मी त्या वाडग्याकडे बोट दाखवलं.

फिटर: तो वाडगा? आजी, त्यातले निम्मे परत येतात. लोकांना सारखं वाटतं नळ गळतोय. उठून बंद करायला जातात बिचारे. आणि तुमच्या बाईंनी तर तो साफच नाकारला होता. आदल्या दिवशी एकट्या आल्या होत्या ना, तेव्हाच.

आई: आदल्या दिवशी?

फिटर: हो. तुम्हाला घेऊन आल्या त्याच्या आदल्या दिवशी. हेच कारंजं पक्कं करून गेल्या. म्हणाल्या, थेंबांचं नको, पत्र्यावरून पाणी उतरतं ते द्या. आवाजात फट नको.

आई: आवाजात कसली फट?

फिटर: म्हणजे कसं आहे, थेंब पडतो, मग गप्प. पुन्हा पडतो, पुन्हा गप्प. त्या गप्पमधून बोलणं निसटतं. पत्र्याचं तसं नाही. अखंड झिरझिर. त्याच्या पलीकडे बोललेलं अलीकडे येत नाही.

आई: कुठलं बोलणं?

फिटर: कुठलंही. वकिलांकडे बसवतो आम्ही, दवाखान्यात बसवतो. आत रोगी आपलं दुखणं सांगतोय आणि बाहेर बाकावर दहा जण कान टवकारून बसलेत, बरं दिसतं का? म्हणून दाराशी कारंजं. भिंतीला कान असतात म्हणतात ना, आम्ही भिंतीच्या कानात बोळे घालतो.

आई: दवाखान्यात ठीक आहे. हे घर आहे.

फिटर: घरात तर जास्तच लागतं. पण तुमच्या बाईंसारखं गिऱ्हाईक नाही बघितलं. लोक हातवारे करतात, इथं लावा, नाही तिथं लावा. यांनी कागदच दिला हातात. सगळी मापं टाकून. मी आमच्या मालकांना म्हटलं, फ्रेम करून लावा हा दुकानात.

आई: नकाशे काढायचंच काम आहे तिचं, वास्तुविशारदाच्या कचेरीत. बघू तो कागद.

फिटर: घ्या. ओल्या हातानं धरू नका फक्त, शाई उतरेल.

आई: चष्मा... हं. हा दिवाणखाना. हा सोफा. ‘बसण्याची जागा, दोन माणसे.’ ही खिडकी, हे माझं दार. आणि ही माझी खोली. हो, लिहिलंच आहे, ‘आईंची खोली’. हा पलंग. उशीसुद्धा काढलीय की. या तिरप्या रेघा कसल्या?

फिटर: ती आवाजाची हद्द. त्या रेघांच्या आत सोफ्यावरचं बोलणं यायला नको. खाली टीप आहे.

आई: ‘दिवाणखान्यातील नेहमीच्या आवाजातील बोलणे पलंगापर्यंत पोहोचू नये. कारंजे खोलीच्या दाराला लागूनच बसवावे.’

फिटर: वाचलंत ना? म्हणून म्हणतोय, खिडकीपाशी नाही जमायचं.

आई: अक्षर सुंदर आहे तिचं.

फिटर: आजी? बसता का जरा? पाणी आणू?

आई: पाणी तुम्ही एवढं आणलंयत. पुरे झालं.

फिटर: तुम्हाला माहीत नव्हतं होय हे? माझी जीभ म्हणजे... बायको म्हणते ते खोटं नाही.

आई: माहीत होतं. विसरले होते. या वयात होतं असं. चालू द्या तुमचं.

फिटर: मग बरं. मला उगीच वाटलं. झालंच आहे तसं, टाकीत पाणी भरलंय, पंप लावलाय. आता फक्त चाचणी. ती मात्र तुमच्याशिवाय व्हायची नाही. तुम्ही आत जा, पलंगावर बसा. मी सोफ्याशी उभा राहून बोलतो. ऐकू आलं तर तिथूनच सांगा. आधी धार बारीक ठेवतो. जा. बसलात? हं, तर ऐका, आमच्या मालकांच्या कुत्र्याचं नाव लाडू आहे आणि ते फक्त मालकांनाच चावतं.

आई: कुत्र्याचं नाव लाडू. मालकांनाच चावतं.

फिटर: शब्द न् शब्द! आजी, तुमच्या वयाच्या माणसाला दारावरची बेल ऐकू येत नाही.

आई: तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला होते मी. ट्रंक कॉल जोडून द्यायचे. कानावरच पोट होतं माझं.

फिटर: अरे बापरे. मग गावभरच्या भानगडी तुमच्या कानात.

आई: नाही. तसं नसतं ते. दोन्हीकडची माणसं आली, बोलायला लागली, की कळ मागे करायची. आम्ही त्याला कान काढणं म्हणायचो. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी तेच शिकवायचं. जोडणं कोणालाही येतं, कान काढता आला पाहिजे. आमच्यातली एक जण ऐकत बसायची, तिला आम्ही डब्याला सोबत घेत नव्हतो.

फिटर: पण इथं घरात कुठली कळ?

आई: घरातही तेच. दोन माणसं आपसांत बोलायला लागली की माझा कान आपोआप मागे येतो. लेक आणि सून या सोफ्यावर बसून एकोणीस वर्षं बोलतायत. काय बोलले विचाराल तर मला एक शब्द सांगता यायचा नाही. त्यांना ठाऊक आहे हे. निदान मला वाटत होतं, ठाऊक आहे.

फिटर: हं. आजी, मग... धार वाढवू का? की राहू दे?

आई: वाढवा ना. कागदावर लिहिलंय तसं करा. तुमचं काम पुरं व्हायला हवं.

फिटर: बरं. ही कळ पूर्ण फिरवली. आता पत्रा कसा भरून वाहतोय बघा, काचेसारखा. तर आजी, आता मी बोलतो. काय बोलू? कारंजाच्या आड बोलायचं म्हटलं की खरंच बोलावंसं वाटतं माणसाला. माझ्या बायकोचा गुडघा दुखतोय दोन महिने. जिना उतरताना भिंत धरते. मी उद्या नेतो, उद्या नेतो करतोय. डॉक्टर काय सांगेल त्याची मलाच धास्ती वाटते, तिला नाही. आलं का ऐकू?

आई: काय म्हणालात?

फिटर: ऐकू आलं का?

आई: नाही. ओठ हलताना दिसले दारातून. बाकी नुसतं पाणी.

फिटर: वा! मग काम फत्ते. बाईंना सांगा, रेघेच्या आत एक अक्षर जात नाही. कळ इतकीच ठेवा. टाकीतलं पाणी आठवड्यानं बदला. पंप कोरडा चालू देऊ नका, जळतो. आणि टाकीतल्या गोट्यांवर शेवाळ धरलं तर ब्रशनं घासा, साबण नको. येतो मी. कागद इथं ठेवतो टेबलावर.

आई: बरं. आणि हे बघा, उद्या उद्या करू नका. दुखणं धास्तीनं थांबत नसतं. घेऊन जा तिला, आणि जिन्यात भिंत नको, तुमचा हात द्या.

फिटर: आजी, तुम्ही तर...

आई: बाईंना सांगते, काम फत्ते म्हणून. दार ओढून घ्या जाताना.

(दुसरा दिवस, सुट्टीचा. दुपार. कारंजं चालू आहे. सासू आणि सून त्याच्या दोन बाजूंना बसल्या आहेत.)

सून: काल बसवल्यापासून तुम्हाला विचारलंच नाही, आई. कसं वाटतंय? दुपारी डोळा लागला का?

आई: शेजारच्या काकू आल्या होत्या सकाळी. बाहेरूनच ऐकलं म्हणाल्या, काय वाजतंय. मी सांगितलं, सुनेनं माझ्या झोपेसाठी आणलंय. त्या म्हणाल्या, नशीबवान आहात, आमच्याकडे साधी खाट हलवायची तर महिना जातो.

सून: तुम्हाला आवडलं ना मग?

आई: तुझा नवरा कुठं गेला?

सून: केस कापायला. तासभर लागेल त्याला, रांग असते सुट्टीची.

आई: बरं झालं. काल संध्याकाळी तुम्ही दोघं सोफ्यावर बसला होतात. ‘बसण्याची जागा, दोन माणसे.’ मी पलंगावर होते. डोकं उशीवर. सगळं तुझ्या नकाशात आहे तसंच.

सून: नकाशात...

आई: फिटर टेबलावर ठेवून गेला. आता माझ्या उशीखाली आहे.

सून: आई, तो त्याला समजावं म्हणून. तुम्ही त्याचा वेगळा अर्थ...

आई: वेगळा कसा काढू? तू कुठं वेगळ्या अर्थाला जागा ठेवतेस? टीप घालून लिहिलंयस, माप टाकून.

सून: मला सवय आहे. टीप लिहिल्याशिवाय कागद हातातून सुटत नाही माझ्या.

आई: उशी का काढलीस?

सून: डोकं कुठं येतं ते लागतं. आवाजाचं अंतर तिथून धरतात.

आई: हं.

सून: आई, तुम्ही काल आमचं बोलणं ऐकलंत?

आई: ऐकलं.

सून: म्हणजे मला जी भीती होती तीच खरी.

आई: थांब. तेवढं नको बोलूस, मला सहन व्हायचं नाही. परवापर्यंत मी तुमचा एक शब्द ऐकलेला नाही. या घरात तू पाऊल टाकलंस त्या दिवसापासून. तुमचं बोलणं सुरू झालं की मी भाजी निवडायला घ्यायची, खिडकीबाहेरची माणसं मोजायची, नाहीतर नुसती कान काढून बसायची. काल जन्मात पहिल्यांदा कान लावला मी. तुझा कागद वाचून लावला. तू हद्द आखलीस म्हणून मला कळलं की पलीकडे काहीतरी आहे.

सून: पण ऐकू यायलाच नको होतं. मी स्वतः बघितलं होतं. कचेरीत आमच्या हेच मॉडेल आहे, बैठकीच्या खोलीबाहेर. काही कळत नाही आतलं.

आई: तुमच्या कचेरीतल्या माणसांना कळत नसेल. ट्रंक कॉलच्या लाइनीवर याच्या दसपट खरखर असायची, आणि पलीकडचा माणूस घाबऱ्या आवाजात कोण वारलं ते सांगत असायचा. त्यातून मी नाव वेगळं काढायची, गाव वेगळं काढायची. तुझं पाणी एका सुरात वाहतंय. एका सुरातली गोष्ट कान पाच मिनिटांत सोडून देतो, मग ती असून नसल्यासारखी. तो थेंबांचा वाडगा घेतला असतास ना, तर मात्र मी हरले असते. दर थेंबाला दचकून एखादा शब्द गेला असता.

सून: तुम्ही तोच मागत होतात.

आई: मी तोच मागत होते. आणि तू आदल्या दिवशीच हे पक्कं करून आली होतीस. मग दुसऱ्या दिवशी मला कशाला मिरवलंस दुकानभर? ताकाला जाऊन भांडं लपवतात तसं. मी आपली एकेका कारंजाला कान देऊन उभी. त्या विकणाऱ्या मुलीला सांगितलं मी, ही माझी सून, मला विचारल्याशिवाय घेणार नाही. ती हसली. मला वाटलं कौतुकानं हसली.

सून: आई, मला तुम्हाला आनंद द्यायचा होता. खरंच. एक गोष्ट लपवायची होती, पण आनंदही द्यायचा होता. दोन्ही खरं होतं.

आई: असेल. मला काल रात्रीपासून त्यातलं एकच दिसतंय.

सून: काय काय ऐकलंत?

आई: तुम्ही वेगळे होताय. चार महिने ठरतंय. तुझं दुसरं घर बघून झालंय, दोन खोल्यांचं, तुझ्या कचेरीपासून चालत. कपाटं वाटलीत. पुस्तकं ज्याची त्यानं. लेकीच्या सुट्ट्याही वाटल्यात, छकुली उन्हाळ्यात तुझ्याकडे, छोट्या सुट्टीत त्याच्याकडे. भांडलासुद्धा नाहीत, त्याचं मला जास्त वाटलं. दुकान बंद करताना माल लावतात तसे बोलत होतात. मग तो म्हणाला, आईचं काय.

सून: आई...

आई: मग तू काय म्हणालीस?

सून: तुम्ही ऐकलंय ना.

आई: ऐकलंय. आता तुझ्या तोंडून पाहिजे. पाणी मध्ये न ठेवता. बंद कर ते.

सून: केलं.

आई: बोल.

सून: मी म्हणाले... तुझी आई आहे, तू बघ.

आई: तुझी.

सून: ते नुसतं तोंडातून गेलं.

आई: तुझ्या तोंडून नुसतं काही जात नाही, तू उशीचंसुद्धा माप घेतेस. माझ्यासमोर तुम्ही दोघं कितीदा भांडलात. तू ताट सोडून उठलीस, आठ-आठ दिवस त्याच्याशी बोलली नाहीस. तेव्हाही काय म्हणायचीस? आईंना विचार. आईंना जेवायला वाढ. आई काय म्हणतील. ‘तुझी आई’ हा शब्द मी तुझ्याकडून कधी ऐकला नव्हता. बाकीच्या बायका सुनांबद्दल बोलायच्या तेव्हा मी मान ताठ करून हेच सांगायची, माझी सून मला तुझी-माझी करत नाही. कोणाला पटायचं नाही. माझं एवढंच होतं गं मिरवायला.

सून: मग काय म्हणायला हवं होतं मी? माझी आई आहे, मी नेते? कोणत्या तोंडानं? नवरा सोडायचा आणि त्याची आई उचलून न्यायची? तो काय म्हणाला असता, लोक काय म्हणाले असते. आणि दोन खोल्या आहेत, आई. एकीत मी, एकीत छकुली आली की ती.

आई: मी ‘मला ने’ म्हटलं का?

सून: नाही.

आई: मला न्यायचं की ठेवायचं हा मुद्दाच नाही. मी इथंच राहीन, लेकाकडे, मला कुठं जायचंय. पण वाटून घेताना कपाटाला विचारत नाहीत, माणसाला विचारतात. मी आत होते. दहा पावलांवर. तू म्हणू शकली असतीस, थांब, आईंना हाक मारू. छकुली पोटात होती तेव्हा मी दोन वर्षं आधी नोकरी सोडली. का, तर तुझी सुटू नये म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं. तुझा नवरा म्हणत होता, तिनं बसावं घरी. मी म्हटलं, ती नाही बसणार, मी बसते. ते मी ‘तुझी बायको’ म्हणून केलं नव्हतं.

सून: माहीत आहे मला. तेच तर आहे. म्हणूनच नाही सांगितलं.

आई: म्हणजे?

सून: तुम्ही थांबवलं असतंत मला.

आई: मी?

सून: तुम्हाला काही करावंही लागलं नसतं. तुम्ही नुसतं ‘पोरी’ म्हटलं असतंत, त्या तुमच्या आवाजात, आणि मी घराची किल्ली परत देऊन आले असते. मला त्याची भीती नव्हती, आई. तो तर बोलतच नाही, त्याला काय भ्यायचं. मला तुमची होती. दर वेळी वाटायचं, आज सांगू. मग तुम्ही विचारायचात, चहा टाकू का, आणि माझं सगळं बळ जायचं. मला जायचंय, आई. मी इथं सुकत चाललेय, त्याच्या शेजारी. तुम्हाला कळलं असतं तर मी गेले नसते, आणि मग तुमच्यावरच चिडून जगले असते.

आई: मग माझ्या दाराशी पाणी सोडलंस.

सून: हो.

आई: केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. रागानं कापला असतास तर मी ओरडले असते तरी.

सून: मला माफ करा असं म्हणवत नाहीये मला.

आई: नको म्हणूस. छकुलीला कधी सांगणार? परीक्षा झाल्यावर?

सून: मी चहा टाकते, आई.

आई: अगं, विचारतेय मी.

सून: तिला माहीत आहे.

आई: कधीपासून?

सून: दोन महिने होतील. तिच्या वसतिगृहावर गेलो होतो आम्ही, तेव्हा.

आई: मला म्हणालात, तिची गादी द्यायला चाललोय.

सून: गादीही दिली.

आई: दर सुट्टीला फोन करते मला. आज सकाळीही केला. म्हणाली, आजी, कारंजं कसं वाजतं ते ऐकव ना. मी फोन धरून उभी राहिले इथं, पाण्याजवळ. हात दुखेपर्यंत. म्हणाली, मस्त आहे, आजी, आता तू छान झोपशील. तिलाही ठाऊक होतं हे कशासाठी आहे?

सून: नाही. कारंजं कशासाठी ते तिला माहीत नाही. तिची शपथ.

आई: तिची शपथ घेऊ नकोस. एवढंच म्हण, नाही.

सून: नाही.

आई: बरं. पण बाकीचं ठाऊक होतं. म्हणजे तो, तू, ती. मी सोडून सगळे. ज्या पोरीला मी बोलायला शिकवलं, तिला तुम्ही माझ्यापाशी गप्प राहायला शिकवलंत.

सून: ती रडली होती. म्हणाली, आजीला मी सांगते. मीच नको म्हटलं.

आई: तिला म्हणावंसं तरी वाटलं.

सून: आई, तुम्ही खरंच मला थांबवलं असतंत का?

आई: तुला काय वाटतं? माझ्या लेकाला मी ओळखत नाही? लाइन चालू असते आणि पलीकडे कोणी नसतं, तसा आहे तो. लहानपणापासून. मी किती वेळा हॅलो हॅलो केलंय त्याला. तू पंधरा दिवसांत कंटाळशील असं वाटलं होतं मला, तू एकोणीस वर्षं धरून ठेवलंस. तू येऊन माझ्या खुर्चीशी बसली असतीस आणि म्हणाली असतीस, आई, मी जाते, तर दोन दिवस मी जेवले नसते. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं असतं, जा. कदाचित तुझी पुस्तकं खोक्यात भरू लागले असते.

सून: आता?

आई: आता नाही म्हणणार. तू जाशील, तुला जायलाच हवं. पण माझ्या तोंडून ‘जा’ आता मिळायचं नाही. तेवढं मोठं मन काल संध्याकाळपर्यंत होतं माझ्याकडे.

सून: मी फिटरला बोलावते. हे काढून टाकतो.

आई: राहू दे. संध्याकाळी काकू बघायला येणार आहेत, सोबत त्यांची जाऊ पण. त्यांना काय सांगू, कुठं गेलं म्हणून? लाव परत. आणि जरा कमी धारेवर लाव, त्यांना वाटायला नको की नळ फुटलाय.

सून: त्यांना काय सांगायचं?

आई: सांगून झालंय माझं. माझ्या झोपेसाठी आणलंय. तू फक्त मान हलव.

सून: बरं.

आई: त्याला आत्ताच काही बोलू नकोस. केस कापून येईल तर येऊ दे, जेवू दे. त्याच्याशी मी बोलेन. तोही माझा हिशेब आहेच, पण त्याच्याकडून मी फार मागितलं नव्हतं.

सून: आई.

आई: हं.

सून: मी गेल्यावर यायचं का इथं? तुम्हाला भेटायला?

आई: घर तुझ्या नवऱ्याचं. त्याला विचार.

सून: मी तुम्हाला विचारतेय.

आई: मला उशिरा विचारतेस तू सगळं.

सून: आणि आले, तर तुम्हाला हाक काय मारू आता?

आई: नको मारूस काही दिवस. तू आलीस की मला ऐकू येतंच.